आपोआप फिरणारं बटण

त्या शनिवारी सकाळी रेडिओवर वालाच्या वेलीवर पडणाऱ्या माव्याची माहिती चालली होती, आणि ती अख्ख्या वरसे गावाने ऐकली. ज्याच्या शेतात वाल होता त्याने ऐकली, ज्याचा शेताशी काही संबंध नव्हता त्यानेही ऐकली. माव्यावर कुठलं औषध किती पाण्यात मिसळून मारायचं हे सांगणारा माणूस सामाजीच्या घरातून असा काही गर्जत होता, की रोह्याला दूध घेऊन निघालेला सायकलवाला उतरून उभा राहिला. कुणाचं भांडण लागलंय असं त्याला वाटलं.

सामाजी कुंपणाशी उभा होता. डोक्यावर टोपी, अंगात शब्बाथचा धुतलेला सदरा, आणि चेहरा असा की कुणी नुसतं 'काय?' म्हटलं तरी अंगावर जाईल. कुंपणापलीकडे महिपती म्हशीला पेंढा घालत होता. त्याने मान वर केली नाही.

"महिपती," सामाजी ओरडला, "रेडिओ आज जरा मोठ्याने बोलतोय."

"व्हय. ऐकतोय ना. मावा पडणार म्हणतो."

"तुला त्रास होत असेल."

"मला कसला त्रास? म्हशीला हाय. दूध चोरलंन तिने सकाळी."

"मग?"

"मग काय?"

सामाजीने दात आवळले. महिपतीला सगळं कळत होतं. चाळीस वर्षांचा शेजार. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ, आणि तेवढ्यात बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, आणि विजेचं बटण हेही विस्तवाच्याच घरचं, हे महिपतीला त्याच्या बापाने सांगितलं होतं. शेजाऱ्याला 'बंद कर' म्हणून सांगायचंही नाही, हेही त्याला ठाऊक होतं. शेजाऱ्याला आपणहून सुचलं तर गोष्ट वेगळी. म्हणून नुसतं सुचवायचं. आणि समोरच्याने मुद्दाम बहिऱ्याचं सोंग घेतलं तर सुचवत राहायचं.

"आवाज फार आहे," सामाजी म्हणाला.

"हाय खरा."

"कुणाला तरी वाटेल, की हा आवाज कमी झाला तर बरं."

"वाटेल ना. मला कालपासून वाटतंय," महिपती म्हणाला आणि खदखदून हसला.

"अवो, पुरे की!" घरातून हौसाचा आवाज आला. हौसा महिपतीची बायको. पिठाचे हात पुसत ती बाहेर आली. "त्या माणसाला किती नाचवताय? सरा बाजूला." ती कुंपणातून वाकून सामाजीच्या घरात गेली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. मावा अर्ध्या वाक्यात मेला.

बाहेर येऊन ती म्हणाली, "दादा, त्या रेडिओवर दोन गोधड्या घातल्यात तुम्ही. त्याला काय थंडी वाजते?"

"आवाज दबावा म्हणून घातल्या."

"दबला?"

सामाजी वळला. आत जाऊन खुर्चीत बसला. सकाळ आत्ता कुठे सुरू झाली होती आणि चांदण्या दिसायला अख्खा दिवस होता. आता रेडिओही बंद. घरात बोलणारं कुणी नाही.

*

त्या यंत्राला सामाजी रेडिओ म्हणायचा, पण तो साधा रेडिओ नव्हता. त्याचा मुलगा आरोन इस्रायलमध्ये अश्दोदला राहायचा. एका खेपेला येताना त्याने तिकडे कुणाचा तरी वापरून टाकलेला जपानी रिसीव्हर आणला होता. चांदीच्या रंगाचा, बाजरीच्या पोत्यासारखा जड, दोन लाकडी स्पीकर. पुढे आवाजाचं मोठं गोल बटण आणि त्यावर एक तांबडा ठिपका, जो पेटायचा. सोबत रिमोट होता. रिमोट दाबला की बटणाच्या मागची छोटी मोटर फिरायची आणि त्याबरोबर बटणही आपोआप फिरायचं. वरसे गावातली पोरं त्या वेळी ते बघायला रांग लावून आली होती.

सामाजीच्या बायकोला, रेबेकाला, मात्र त्या बटणाचं काही कौतुक नव्हतं. तिला हवा होता आवाज. शुक्रवारी दिवा लावण्याआधी ती रेडिओ हळू आवाजात सुरू करायची, बटणांवर हातरुमाल टाकायची आणि शनिवार संध्याकाळपर्यंत तो तसाच चालायचा. रात्री केंद्र बंद झालं की नुसती खरखर, पहाटे पुन्हा बोलणं. आरोन फोनवर म्हणाला होता, "आई, इथले रब्बी म्हणतात, असं चालत नाय." रेबेका म्हणाली, "तुझ्या रब्बीला सांग, मी रेडिओ लावत नाय. तो शुक्रवारपासून बोलतोच आहे. मी फक्त त्याला गप्प बस म्हणत नाय." त्या धर्मगुरूने यावर काय उत्तर दिलं ते आरोनने कधी सांगितलं नाही.

मग ती आजारी पडली. शेवटचं वर्ष आतल्या खोलीतल्या खाटेवर गेलं. तेव्हा रिमोट तिच्या हाती गेला आणि कायमचा तिचाच झाला. आतल्या खोलीच्या दारातून रेडिओ समोर दिसायचा. सामाजी ओटीवर असो की चुलीपाशी, त्याचं लक्ष त्या तांबड्या ठिपक्यावर असायचं. ठिपका वर चढला म्हणजे ती जागी आहे आणि तिला ऐकायचंय. ठिपका खाली आला म्हणजे तिला बोलायचंय. हाक मारण्याएवढा जोर तिच्यात उरला नव्हता. ठिपका खाली उतरला की सामाजी हातातलं टाकून आत जायचा आणि विचारायचा, "काय गो?"

दिवाळीनंतर ती गेली.

त्यानंतर रेडिओचं काम सामाजीकडे आलं. पहिल्याच शुक्रवारी त्याने रेबेकासारखा रेडिओ लावला. पण जुन्या सवयीने हात बटणाकडे जाईल अशी त्याला धास्ती होती, म्हणून रुमालाऐवजी त्याने तिचं पांढरं लुगडं चौपदरी करून अख्ख्या यंत्रावर पांघरलं. जेवून उठला तेव्हा लुगड्याच्या आतून तांबडा ठिपका दिसत होता, आणि तो हळूहळू वर चढत होता.

सामाजी आत गेला. खाटेपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय गो?"

खाटेवर गादीची वळकटी होती.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. अख्खी नोकरी धाटावच्या एका कंपनीत पंपांचा फिटर म्हणून केलेली. पंप बिघडतो त्याला कारण असतं आणि कारण पंपातच असतं, हे तो नव्या पोरांना ओरडून सांगायचा. आता स्वतःवरच ओरडायची वेळ आली होती. त्या रात्री आवाज इतका चढला की महिपतीला झोपेतून उठून यावं लागलं. पुढच्या शुक्रवारी सामाजीने आवाज दबावा म्हणून लुगड्यावर एक गोधडी घातली. आवाज आणखी लवकर चढला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दोन.

*

रोह्यातल्या दुकानदाराने यंत्र उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा बंद केलं. "काका, हे पेणला न्या. जगनकडे. तो असली जुनी भुतं उतरवतो."

भूत हा शब्द सामाजीला आवडला नाही. पण तो यंत्र गोधडीत बांधून एसटीत बसला. मांडीवर गोधडीचं गाठोडं बघून नागोठण्याला कंडक्टरने विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" सामाजी म्हणाला, "जपानी आहे." पुढे पेणपर्यंत त्याच्याशी कुणी बोललं नाही. गडबच्या खड्ड्यांत ते ओझं दर वेळी त्याच्या गुडघ्यांवर आपटायचं आणि दर वेळी तो पूल, रस्ता, सरकार आणि जपान यांना एकदमच शिव्या द्यायचा.

जगनचं दुकान गणपतीच्या कारखान्याला लागून होतं. कारखान्यातली पांढरी भुकटी उडून त्याच्या टेबलावर, स्क्रूंवर आणि चहाच्या कपावर बसलेली असायची. जगन चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडात कायम सुपारी. त्याने झाकण काढलं, बटण गरागरा फिरवलं, कान लावला.

"आवाजाचा कंट्रोल घाण झालाय. साफ करतो, जाईल."

"कंट्रोल घाण झाला तर आवाज खरखरेल. आपोआप वर कसा चढेल?"

"काका, तुम्ही रेडिओ मेकॅनिक का मी?"

"मी फिटर होतो."

"मग पंप घेऊन या, तुम्हाला विचारून करतो."

जगनने कंट्रोल साफ केला. रेडिओ तासभर चालवून दाखवला. ठिपका जागचा हलला नाही. सामाजी ओझं घेऊन परत वरशाला आला. शुक्रवारी रेडिओ लावला, पांघरला. शनिवारी पहाटे केंद्र सुरू होतानाचं संगीत असं काही वाजलं की महिपतीच्या म्हशीने दावं तोडलं.

दुसऱ्या खेपेला सामाजी दुकानात शिरला तो बोलतच. "साफ केला म्हणालास ना? मग साफच झालं सगळं. म्हैस निडीच्या रस्त्याला सापडली."

"म्हैस? कुणाची म्हैस?"

"ते जाऊ दे. यंत्र बघ."

जगनने या वेळी यंत्र ठेवून घेतलं. रात्रभर चालू ठेवतो म्हणाला. सामाजी दोन दिवसांनी गेला तर रेडिओ टेबलावर शहाण्या पोरासारखा बोलत होता.

"परवापासून चालू हाय," जगन म्हणाला. "बंद केला नाय. ठिपका तिथंच. यंत्रात काय नाय, काका. तुमच्या घरात काय तरी हाय."

"माझ्या घरात मी आहे."

"कधी कधी होतं हे? रोज?"

"रोज नाय. शनिवारीच."

जगनने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "शनिवारी. मग सोपं हाय की. शनी लागलाय. मारुतीला तेल वाहा."

"तेल मला शिकवू नको," सामाजी भडकला. "आमचे पणजोबा तेलाचा घाणा चालवायचे. आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून तर गाव शनवार तेली म्हणायचं. तेल, शनिवार, दोन्ही आमचंच. तू यंत्राचं बोल."

"यंत्राचंच बोलतोय. शनिवारी यंत्राला काय कळतं शनिवार हाय म्हणून? तुम्ही शनिवारी काय तरी वेगळं करत असणार. काय करता ते करून दाखवा मला. पहिल्यापासून."

सामाजीला हे पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला. हे त्याला स्वतःला सुचायला हवं होतं. त्याने जोडे काढले. चालू यंत्राची वायर काढून पुन्हा लावली. केंद्र लावलं, आवाज हळू केला. मग यंत्र परत बांधून न्यायला आणलेलं गाठोडं उलगडलं, त्यातलं चौपदरी लुगडं यंत्रावर अंथरलं, त्यावर एक गोधडी, तिच्यावर दुसरी, आणि कडा चारी बाजूंनी नीट खाली खोचल्या. लहान पोराला थंडीत निजवावं तसं.

जगन बघतच राहिला. "हे काय करताय?"

"झाकतोय. हात लागू नये म्हणून. आणि आवाज दबावा म्हणून."

"दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी."

"आणि मग दिवसरात्र चालू?"

"मग काय बंद करू?"

जगनने डोक्याला हात लावला. पण गोधड्या काढल्या नाहीत. "राहू दे," म्हणाला. "बसा. चहा घ्या."

दोघांनी चहा घेतला. जगनने मग एक इस्त्री दुरुस्त केली. बाजूच्या कारखान्यात कुणीतरी गणपतीच्या हातांना कानशीने घासत होतं. सामाजी दोनदा उठून निघायला लागला आणि जगनने दोनदा त्याला बसवलं. दुपारी जेवायच्या वेळी गोधड्यांखालचा बाईचा आवाज जरासा मोठा झाला. मग आणखी. जगनने गोधडीचा कोपरा उचलला. ठिपका चढत होता. त्याने यंत्राच्या वरच्या जाळीवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

"तवा हाय हा! भाकरी भाजा यावर!" तो ओरडला. "काका, या जाळीतून त्याला वारा लागतो. तुम्ही त्याला गोधड्यांत कोंडलात. मोटर चालवायला आत एक छोटी चिप हाय, आयसी. मुळात म्हातारी. तापली की तिचं डोकं फिरतं. कुणी न सांगता मोटर फिरवत बसते. आणि आवाज चढला की तुम्ही काय करता? आणखी एक गोधडी!"

"रेबेकापण झाकायची," सामाजी म्हणाला.

"कशाने?"

"हातरुमालाने. नुसत्या बटणांवर."

बोलून झाल्यावर सामाजीने स्वतःचं उत्तर ऐकलं. जगनने एक एक गोधडी काढली आणि घडी न घालता त्याच्या मांडीवर ठेवली. 

*

"आता असं," जगन म्हणाला. "आयसी गेली ती गेली. आता थोडी तापली तरी हेच करणार, रुमाल घाला नाय तर घालू नका. असली आयसी इथे मिळत नाय. मी मोटरच्या दोन वायरी कापतो. मोटर मेली की भानगड मिटली. आवाज हाताने फिरवा. चालेल अजून वीस वर्षं."

"कापायच्या नाय."

"का?"

"मोटर राहिली पाहिजे. आधी होतं तसं पाहिजे."

"काका, रिमोट लागतो कोणाला? घरात तुम्ही एकटे. उठायचं आणि फिरवायचं."

"तुला करता येत नसेल तर सांग. मी मुंबईला नेतो."

"या ओझ्याला मांडीवर घेऊन? न्या! घेऊन जा!" जगनही चिडला. "तुम्हाला सांगतो, लाख रुपयाची गोष्ट सांगतो, दोन वायरी. एक मिनिटाचं काम. आणि तुम्ही मला सांगताय मोटर राहिली पाहिजे. मोटर काय तुमची जात हाय?"

"बायकोची होती," सामाजी म्हणाला.

याचा अर्थ काय, हे जगनला कळलं नाही. पण जगनने यंत्र ठेवून घेतलं. मुंबईला जाईन तेव्हा लॅमिंग्टन रोडला बघतो म्हणाला, मिळेल असं काही सांगत नाही म्हणाला, आणि रोज फोन करू नका असंही म्हणाला. सामाजी रोज फोन करत होता. वरशाच्या नाक्यावरच्या पीसीओवाल्याला जगनचा नंबर पाठ झाला.

मधल्या काळात काही शब्बाथ मुके गेले. महिपती एकदा कुंपणावरून म्हणाला, "आज गप्प गप्प हाय घर." सामाजी म्हणाला, "म्हशीला बरं ना." महिपती म्हणाला, "म्हशीला बरं. मला नाय." आणि वालाची पाटी कुंपणावर ठेवून गेला. आरोनचा फोन त्याच पीसीओवर आला. पप्पा, घर विका आणि इकडे या, तिकडे एकटे काय करता. सामाजी म्हणाला, "रेडिओ दुरुस्तीला दिलाय. तो आल्याशिवाय कसं निघू?" आरोन म्हणाला, "इथे नवा घेऊ." सामाजीने फोन ठेवला.

मग एक दिवस जगनचाच निरोप आला. आयसी मिळाली. कुठल्याशा मोडक्या यंत्रातून काढलेली. या. रिमोट घेऊन या.

रिमोट सामाजीने आजवर घराबाहेर नेला नव्हता. रेबेकाने त्याला प्लास्टिकची पिशवी घालून वर रबर लावलं होतं, हळदीचे हात लागू नयेत म्हणून. तसाच तो सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून सामाजी एसटीत बसला.

दुकानात यंत्र झाकण लावून तयार होतं. जगन खूश होता. त्या एका तुकड्यासाठी लॅमिंग्टन रोडच्या किती दुकानदारांनी त्याला हाकललं, एकाने तर 'हे म्युझियममध्ये बघा' म्हणून सांगितलं, हे सगळं त्याने हातवारे करून सांगितलं. मग हात पुढे केला. "आणा रिमोट."

"मी दाबतो," सामाजी म्हणाला.

त्याने रिमोट पुढे धरला. चष्मा वर करून बटण शोधलं. एवढ्या वर्षांत हे त्याने कधी केलं नव्हतं. तिच्या आधी कौतुक म्हणून पोरांनी केलं, मग तिने केलं. त्याने अंगठा दाबला. तांबडा ठिपका वर चढला. रेडिओवर कुणी तरी निबंध वाचत होतं, ते मोठ्याने वाचायला लागलं.

"बघा! लोणी हाय लोणी!" जगन म्हणाला. "आता खाली घ्या."

सामाजीने खालचं बटण दाबलं. ठिपका खाली उतरायला लागला.

आणि सामाजी वळला. अंगठा बटणावरच होता, ठिपका उतरत होता, आणि तो मागे, दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बघत होता. तिथे मोडके टीव्ही एकावर एक रचले होते.

"काय झालं?" जगनने विचारलं. "कोण आलं?"

"कोण नाय."

त्याने पुन्हा यंत्राकडे तोंड केलं. वर दाबलं. ठिपका वर गेला. खाली दाबलं. खाली आला. मध्येच थांबवला, थांबला. सामाजी बराच वेळ हे करत होता. जगन आधी हसत होता, मग त्याचं हसू गेलं.

"काप," सामाजी म्हणाला.

"काय?"

"त्या दोन वायरी काप."

जगनने सुपारी थुंकली. "काका, डोकं ठिकाणावर हाय ना? महिनाभर मला फोन करून करून खाल्लंत. मुंबईला जाऊन आलो मी. गर्दीत पाकीट मारलं जायचं वाचलं. आता बरं झालंय यंत्र, नवं असताना होतं तसं झालंय, आणि आता कापू?"

"ते मी सांगेन तिथेच जातं."

"तसंच असतं, काका! त्यासाठीच असतं ते!"

"मला नको तसं."

"मग कसं पाहिजे?"

आतल्या खाटेवरून कुणी फिरवतं तसं पाहिजे होतं, पण हे पेणच्या बाजारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. त्याने रिमोट खिशात ठेवला. "काप म्हणतो ना. तुझी मजुरी बुडवत नाय."

"मजुरीचं कोण बोलतंय! माझी मेहनत गेली त्याचं बोलतोय!" जगन पुटपुटत, शिव्या देत झाकण पुन्हा उघडायला बसला. स्क्रू आपटत होता. कटरने दोन वायरी तोडल्या, टोकांना चिकटपट्टी लावली. "उद्या येऊन म्हणाल, जोड. नाय जोडणार. आधीच सांगतो."

"नाय म्हणणार."

"आणि त्या रिमोटचे सेल काढून ठेवा. गळतात," जगन म्हणाला. रागातही त्याला ते सांगितल्याशिवाय राहवलं नाही. मग त्याने यंत्र स्वतःच्या हाताने गोधडीत बांधलं आणि एसटी स्टँडापर्यंत उचलून आणून दिलं.  गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "जाळी उघडी ठेवा."

*

शुक्रवारी सामाजीने दुपारीच सगळं आवरलं. खिचडी करून झाकून ठेवली. दिव्याच्या पेल्यात पाणी, वर तेल, वाती. मग रेडिओ लावला. जाळी उघडी. आवाजाचं बटण हाताने फिरवलं. थोडा वाढवला, मोठा वाटला. कमी केला. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं, त्या शांततेत एवढा पुरे वाटला. बटणांवर हातरुमाल टाकला, दिवा लावला, आणि सूर्य मावळला.

शनिवारी सकाळी कळलं, की आवाज फार कमी ठेवला गेलाय. गावातली गिरण सुरू झाली, महिपतीच्या अंगणात वाल झोडपायला बाया बसल्या, आणि रेडिओवर माणूस बोलतोय एवढंच कळत होतं. काय बोलतोय ते नाही. सामाजीने ओटीवरून कान दिला. उठून दारात आला. पुन्हा ओटीवर गेला. एवढी धावाधाव, एवढे खड्डे, एवढी भांडणं, आणि शेवटी चुकलं कोणाचं? त्याचंच. बोटभर बटण. संध्याकाळपर्यंत हात लावायची सोय नाही.

"काय रे," महिपती कुंपणावरून ओरडला, "आला म्हणे तुझा रेडिओ. बोलत नाय का?"

"बोलतोय."

"काय म्हणतो?"

"ऐकू येत नाय."

महिपती कुंपणाशी येऊन उभा राहिला. हातातली काठी कुंपणाला टेकवली. या वेळी त्याने कसलंही सोंग घेतलं नव्हतं. सामाजीने नुसतं म्हणायचं होतं, की आवाज जरा कमीच आहे, नाय का. एवढं म्हटलं असतं तर महिपती पायातल्या चपला तिथेच सोडून आत गेला असता.

"मग?" महिपती म्हणाला.

"मग काय," सामाजी म्हणाला. "राहू दे. जिथे ठेवलाय तिथे राहू दे."

तो आत गेला. ओटीवरची वेताची खुर्ची दोन्ही हातांनी धरून त्याने उंबऱ्यावरून आत ओढली. चारी पाय जमिनीवर करकरले. अश्दोदच्या रब्बीलाही खुर्ची ओढण्याबद्दल काही म्हणता आलं नसतं. ती त्याने रेडिओच्या अगदी पुढ्यात लावली, स्पीकरला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि आतल्या खोलीकडे पाठ करून बसला.

समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांसाठी वाऱ्याची सूचना चालली होती. कुठल्या दिशेने वारा, किती जोराचा, लाटा केवढ्या. सामाजीला समुद्रात जायचं नव्हतं. तो कान पुढे करून सगळं ऐकत बसला.